नळदुर्गची डागडुजी

नळदुर्ग हे नाव लोकपरंपरेने नळराजाशी जोडले आहे. किल्ल्याची आजची दगडी तटबंदी प्रामुख्याने आदिलशाही काळातली. शेजारी मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. दख्खनचा इतिहास असा एकात एक मिसळलेला आहे. त्याचे धागे सुटे करू गेलो तर कापडच फाटते.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 साली, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात उभा माणूस कोरडा राहतो. ही किमया करणाऱ्याचे नाव मीर महंमद इमादीन. तिथल्या फारसी शिलालेखामुळेच ते आपल्यापर्यंत पोहोचले.

हा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. 2014 साली शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली तो देखभालीसाठी खासगी संस्थेकडे देण्यात आला. झाडोरा निघाला, वाटा झाल्या, बागा फुलल्या, पर्यटक येऊ लागले. हे चांगलेच झाले. पण किल्ला देखणा करणे वेगळे आणि किल्ला जतन करणे वेगळे. जुन्या चुन्याच्या बांधकामात दगडातला ओलावा सांध्यांवाटे बाहेर पडतो. तिथे सिमेंट भरले की ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड झिजू लागतो. म्हणून डागडुजीलाही चुनाच हवा, आणि चुना मळणारे जाणते हातही हवेत.

दगडासारखीच नावांचीही डागडुजी करावी लागते. नळराजाची कथा आम्हांला घरोघरी ऐकायला मिळाली. मीर इमादीन मात्र आमच्याही घरात कुणी सांगितला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला फारसी लिपी वाचता येत होती. आम्ही त्याच लेखासमोर निरक्षर होऊन उभे राहतो. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही. वारसा आमचा म्हणायचा आणि तो वाचायचे कष्ट घ्यायचे नाहीत, हे बरे नव्हे.

त्या शिलालेखाचा मराठी अर्थ पाणीमहालाच्या दाराशी ठळक लावावा, आणि मुलांच्या सहलीला नळराजाबरोबर मीर इमादीनही सांगावा. बुरूज सावरायला शासनाचा पैसा लागेल. हे काम आम्हांला आजच करता येईल.