रक्तदाता-परीक्षण

रक्तदाता-परीक्षण : एका मनुष्याचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्यापूर्वी दात्याची प्रकृती, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याचे रक्त या तिहींची ठरावीक क्रमाने केलेली छाननी, जिच्यायोगे दात्याच्या रक्तातील रोगजंतू रुग्णापर्यंत पोचण्याची वाट शक्य तितकी बंद केली जाते. भारतात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मानवी रक्त हे ‘औषध’ गणले जाते; सबब परवान्यावाचून रक्त गोळा करणे, साठवणे अथवा वाटणे हा गुन्हा असून, एचआयव्ही, ब-कावीळ, क-कावीळ, उपदंश व हिवताप या पाच रोगांसाठी प्रत्येक पिशवीची तपासणी परवानाधारकावर बंधनकारक आहे.

कार्ल लांडस्टायनर याने १९०१ मध्ये रक्तगटांचा उलगडा केला आणि विजातीय रक्तामुळे येणाऱ्या तत्काळ मृत्यूचे कोडे सुटले; परंतु सजातीय रक्तातूनही रोग येतो ही गोष्ट वैद्यकाच्या नजरेत यथावकाश भरली. प्रारंभी भय होते ते उपदंशाचे, आणि त्याची रक्तपरीक्षा १९०६ पासून उपलब्ध होती. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ मध्ये रक्तपेढी स्थापन झाली आणि शीतपेटीत रक्त साठवण्याची सोय झाली, तेव्हा दाता व रुग्ण यांची समोरासमोरची गाठ तुटली. ही सोय अमोल होती, यात शंका नाही. मात्र ज्याचे रक्त आपल्या नसांत शिरत आहे तो इसम कोण, कसा राहतो, त्यास अलीकडे कोणती व्याधी झाली, हे पाहण्याची जबाबदारी रुग्णाच्या आप्तांकडून निघून संस्थेच्या दप्तराकडे आली, आणि ते दप्तर जितके प्रामाणिक तितकेच रक्त निर्धोक, असा नवा हिशेब सुरू झाला.

रक्ताधानानंतर काही आठवड्यांनी उद्‌भवणारी कावीळ दुसऱ्या महायुद्धापासून वैद्यांच्या परिचयाची होती. तिच्या कारणाचा पहिला धागा बारूच ब्लुमबर्ग यास एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तद्रवात सापडला, ती हकीकत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीतूनच ब-काविळीची चाचणी निर्माण झाली. तरीही रक्ताधानोत्तर कावीळ संपेना. हार्वे ऑल्टर याने सत्तरीच्या दशकात दाखवून दिले की, अशा बहुतेक रुग्णांत ‘अ’ विषाणूही नाही आणि ‘ब’ विषाणूही नाही. तो तिसरा अपराधी, म्हणजे क-काविळीचा विषाणू, १९८९ मध्ये मायकेल हाउटन व त्याच्या सहकाऱ्यांनी हुडकला, आणि या शोधमालिकेसाठी ऑल्टर, हाउटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात एड्सचा प्रादुर्भाव झाला. १९८१ मध्ये रोग ओळखला गेला, १९८३ मध्ये त्याचा विषाणू (एचआयव्ही) हाती लागला आणि १९८५ मध्ये त्यासाठीच्या एलायझा चाचणीस अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही चार वर्षे हीमोफिलियाच्या रोग्यांना सर्वाधिक घातक ठरली. कारण त्यांचे औषध हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र मिसळून तयार होई आणि त्यांतील पुष्कळसा रक्तद्रव अमेरिकेतील पैसे घेऊन देणाऱ्यांचा व तुरुंगातील कैद्यांचा असे. ब्रिटनमध्ये दूषित रक्त व रक्तघटक यांमुळे तीस हजारांहून अधिक लोकांना संसर्ग झाल्याचे सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी-अहवालाने मे २०२४ मध्ये नमूद केले, आणि त्यातील पुष्कळसा अनर्थ टाळता आला असता असा निर्वाळाही दिला.

भारतात एचआयव्हीचा आढळ प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे झाला व १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्यात आली. परंतु हुकूम निघणे आणि त्याचा अंमल होणे यांत आपल्याकडे जे अंतर पडते ते येथेही पडले. ए. एफ. फर्ग्युसन या सल्लागार संस्थेने १९९० मध्ये शासनास सादर केलेल्या अहवालात, देशातील १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ बिनपरवाना असल्याचे आढळले. त्या काळी रक्ताचा मोठा हिस्सा धंदेवाईक दात्यांकडून येई. दारिद्र्याने गांजलेला मनुष्य महिन्यातून अनेकदा, निरनिराळ्या पेढ्यांत, निरनिराळ्या नावांनी रक्त विकी. त्यास कावीळ झाली होती काय, असे विचारले असता ‘नाही’ याखेरीज उत्तर मिळण्याची आशा धरणे व्यर्थ होते, कारण त्या एका उत्तरावर त्याची त्या दिवसाची भाकरी अवलंबून असे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस याने १९७० मध्येच प्रतिपादिले होते की, मोल देऊन मिळवलेले रक्त अधिक दूषित निघते. या मताची सत्यता भारताने स्वतःच्या अनुभवाने पटवून घेतली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्यान्वये राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद व राज्य परिषदा स्थापन झाल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानास मज्जाव झाला. क-काविळीची तपासणी २००१ पासून सर्वत्र सक्तीची आहे.

परीक्षणाचा पहिला टप्पा सुईच्या आधीचा. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे आणि वजन निदान ४५ किलोग्रॅम असावे लागते; पुरुषाने ९० दिवसांनी व स्त्रीने १२० दिवसांनीच पुन्हा रक्त द्यावे, असा दंडक आहे. हिवतापातून बरे झाल्यावर तीन महिने आणि गोंदवून घेतल्यावर बारा महिने थांबावे लागते. ब किंवा क कावीळ झालेल्यास कायमचा नकार मिळतो. प्रश्नावलीनंतर डॉक्टर कोपराचा खळगा निरखून पाहतात, कारण तेथे सुयांचे जुने व्रण आढळल्यास नशेची शंका येते. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमहून कमी नसावे. शिबिरात ते पाहण्याची एक जुनी व स्वस्त रीत अद्याप प्रचारात आहे. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बोटाच्या अग्रातून काढलेला रक्ताचा एक थेंब सोडतात. तो पंधरा सेकंदांत तळाशी गेला तर दाता पात्र, मध्येच अडखळला किंवा वर तरंगू लागला तर त्यास चहा-बिस्किटे देऊन परत पाठवायचे. रक्त घेताना पहिले काही मिलिलीटर वेगळ्या लहान पिशवीत वळते करून चाचणीसाठी वापरण्याची रीतही हितावह आहे, कारण सुईबरोबर आत शिरलेले त्वचेवरील जंतू बहुधा याच अंशात येतात.

रक्तकेंद्रात आलेली पिशवी अहवाल हाती येईपर्यंत वेगळ्या शीतपेटीत ‘अतपासलेली’ म्हणून अडकवून ठेवतात. हा बंदोबस्त क्षुल्लक भासतो. पण चाचणी केली आणि पिशवी मात्र घाईत आधीच निघून गेली, अशा प्रसंगाला आळा बसतो तो यानेच. उपदंशाचा जंतू थंडीत काही दिवसांत मरतो, त्यामुळे साठवलेल्या रक्तात त्याचे भय थोडे. हिवतापाचा परजीवी मात्र शीतपेटीतही जिवंत राहतो. खरी अडचण विषाणूंची आहे. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत उमटेपर्यंत काही काळ जातो, त्यास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. एचआयव्हीच्या बाबतीत प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीत तो सुमारे तीन आठवड्यांचा असतो. विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणारी ‘नॅट’ चाचणी तो सुमारे दहा-अकरा दिवसांवर आणते, शून्यावर नव्हे. ही चाचणी भारतात कायद्याने सक्तीची नाही आणि खर्चिक असल्यामुळे ती करणारी केंद्रे बव्हंशी मोठ्या शहरांत आहेत. म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या बालकाची सुरक्षितता त्याच्या गावावर ठरते, ही स्थिती समर्थनीय म्हणता येत नाही.

विंडो पीरियडमध्ये रुग्णाचे रक्षण करणारे एकच साधन उरते, ते म्हणजे दात्याचे खरे उत्तर. आणि खऱ्या उत्तरासाठी दात्यास खोटे बोलण्याचे प्रयोजन नसावे लागते. शस्त्रक्रियेच्या दारात ताटकळणाऱ्या कुटुंबातून ‘बदली रक्तदाता’ मागितला जातो, तेव्हा धाकट्या दिराने सर्व नातेवाइकांच्या देखत गुप्तरोगाचा प्रश्न कसा उत्तरावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या किंवा मंडळाच्या शिबिरात बाटल्यांच्या आकड्याची चढाओढ लागते व दात्यास भेटवस्तू वाटली जाते. ती वस्तू म्हणजे जुन्या मोलाचेच सभ्य रूप होय. याउलट, २०१७ च्या दातानिवड-नियमांनी तृतीयपंथी व समलिंगी पुरुष यांना सरसकट वगळले आहे, आणि त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये व अमेरिकेने २०२३ मध्ये समूहाऐवजी प्रत्येक व्यक्तीच्या वर्तनावरून निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली. तीच शास्त्राला अधिक धरून आहे, कारण जोखीम आचरणात असते, वर्गवारीत नसते.

चाचणीत दोष आढळलेली पिशवी नष्ट केली जाते आणि दात्यास गोपनीय रीतीने बोलावून समुपदेशन व पुढील तपासणीसाठी पाठवले जाते. रक्त दिल्यानंतर दोन-चार दिवसांत ताप आला, अथवा चारचौघांत एखादे उत्तर दडवले गेले असे मनाला लागून राहिले, तर दात्याने रक्तकेंद्रास तत्काळ कळवावे. पिशवी वापरली गेली नसेल तर ती कारण न पुसता बाजूस काढता येते.