बंदिस्त जागेतील तपासणी : इंदूरच्या गिरणीपासून ड्रोनपर्यंत

इंदूरमध्ये यंत्रयुगाचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांच्या सरकारी कापडगिरणीने झाला. गिरण्या वाफेवर चालत. बॉयलर आतून पाहायचा तर तो थंड करून त्यात माणूसच उतरवावा लागे.

कलकत्त्यात 1863 मध्ये झालेल्या स्फोटानंतर बंगालने 1864 मध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असा कायदा 1923 मध्ये झाला. मात्र आत उतरणाऱ्याचा विचार 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 36 मध्ये ठळकपणे दिसतो. त्यानुसार टाकी वायुमुक्त असल्याचा लेखी दाखला लागत असे. अन्यथा उतरणाऱ्याला श्वसनसाधन आणि पट्ट्याला बांधलेला दोर लागत असे, ज्याचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असे.

इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. परंतु जवळच्या पीथमपूरसारख्या औद्योगिक क्षेत्रांत टाक्यांचे व बॉयलरचे काम चालूच आहे. अशा जागांसाठी आता जाळीदार पिंजऱ्यातील ड्रोन उपलब्ध आहेत. उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत तेथेही ते उडतात, भिंतीला धडकले तरी सावरतात आणि तडे व गंज यांची चित्रे बाहेर पाठवतात. केवळ पाहण्यासाठी जीव धोक्यात घालण्याची गरज त्यामुळे कमी होते.

तथापि गाळ काढणे, सांधे जोडणे ही कामे अद्याप बहुधा माणसालाच करावी लागतात. म्हणून ड्रोन आला तरी त्या दोराचे महत्त्व कमी होत नाही.