भाडे घराचे आणि भाडे गाडीचे



आपण घरमालकाला दरमहा जे देतो त्याला मराठीत भाडे म्हणतात आणि गाडीत बसण्यासाठी जे मोजतो त्यालाही भाडेच म्हणतात. इंग्रजीत या दोहोंना दोन निराळे शब्द आहेत. कदाचित म्हणूनच इंग्रजी राज्यात आणि त्यानंतरही या दोन गोष्टींसाठी दोन निराळी खाती निघाली, दोन निराळे कायदे झाले आणि दोन निराळ्या कचेऱ्यांत त्यांचे हिशेब लिहिले गेले. मुंबईच्या चाकरमान्याच्या घरी मात्र हे दोन्ही खर्च एकाच पाकिटातून जातात आणि एक थोडा कमी झाला की दुसरा वाढतो हे त्याच्या गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की मराठी भाषेचा हिशेब बरोबर आहे आणि कचेऱ्यांचा चुकला आहे. मुंबईच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाहतुकीच्या इतिहासातून हीच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

प्रथम या शहराच्या घडणीकडे पाहू. मुंबई हा मुळात सात बेटांचा पुंजका. बंदर, किल्ला, पेढ्या आणि कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी. वाढावयास मोकळी दिशा एकच, उत्तरेची. पुण्यासारखे गाव चहूअंगांनी पसरू शकते; मुंबई काठीसारखी लांबच लांब वाढत गेली. सकाळी सारा लोंढा दक्षिणेकडे आणि सायंकाळी सारा उत्तरेकडे अशी रीत त्यातून पडली. अशा शहरात गाड्या कितीही असल्या तरी जाताना त्यांत पाय ठेवावयास जागा नसते आणि उलट दिशेने त्या बऱ्याच अंशी रिकाम्या धावतात. प्रवाशाला होणारा त्रास आणि वाहतूक चालविणाऱ्याला येणारी तूट या दोहोंचे एक मूळ येथे आहे.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. एकवीस मैलांचा तो प्रवास सुमारे चारशे निमंत्रितांनी केला आणि तो पाहावयास लोटलेल्या गर्दीची वर्णने आपण शाळेपासून वाचत आलो आहो. पण ही गाडी मुंबईकराला कामावर पोचविण्यासाठी काढलेली नव्हती. अंतर्भागातला कापूस बंदरावर यावा आणि विलायती माल अंतर्भागात जावा, ही तिच्यामागची मोठी प्रेरणा होती. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईस गाडी येऊ लागली. आज ज्या विरारचे नाव काढले की अंगावर गर्दीचा काटा येतो, त्या विरारचा हा आरंभ असा एका गाडीचा होता.

शहरातल्या शहरात फिरावयाचे तर त्या काळी श्रीमंताला बग्गी आणि इतरांना आपले पाय. ही स्थिती पालटली ती ट्रामने. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ मे १८७४ रोजी, मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावू लागली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीने त्यासाठी नऊशे घोडे बाळगले होते. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे प्रथम तीन आणे होते आणि तिकीट म्हणून कागद दिला जात नसे. पुढे लोक वाढले तसे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकट जाणारे वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटेही आली. फुकटे प्रवासी हा आपल्याच काळाचा दोष आहे असे मानणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे!

आता या दोन आण्यांचा हिशेब करू. जाऊन येऊन चार आणे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेसहा रुपये. तीन आण्यांच्या दराने हेच पावणेदहा रुपये होतात. गिरणीतल्या साध्या मजुराच्या सबंध महिन्याच्या कमाईचा फार मोठा भाग एवढ्यातच संपला असता. म्हणून ट्राम आली तरी मजूर चालतच राहिला. १८५६ पासून मुंबईत कापडाची गिरणी चालू झाली आणि मग परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत गिरण्यांच्या सावलीलाच चाळी उभ्या राहिल्या. बदली कामगाराला तर सकाळी गिरणीच्या दारात हजर असणे भागच होते. भोंगा झाला, मुकादमाने ज्याला बोलावले त्याला त्या दिवसाचे काम. अशा माणसाने दूर राहावे कसे? दहा फुटांच्या खोलीत पाचदहा जणांनी राहण्याचे कारण अडाणीपणात शोधणारे साहेब त्या काळी पुष्कळ होते. खरे कारण साध्या गणिताचे होते. गाडीभाडे परवडत नाही म्हणून माणूस घरभाड्याच्या जागेत दाटीवाटीने राहत होता.

१८९६ साली प्लेग आला आणि या दाटीची किंमत साऱ्या शहराला कळली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुनी वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आखणी केली. रस्ते सुंदर झाले यात संशय नाही. परंतु ज्यांची घरे त्या रस्त्यांखाली गेली त्यांना नव्या वसाहतीतले भाडे आणि तेथून येण्याजाण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. ते शेजारच्या गल्लीत गेले आणि तेथली दाटी वाढली.

याहूनही बोलका दाखला बी. डी. डी. चाळींचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट स्थापून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, चाळ पक्की, सिमेंटची. घरांची एवढी टंचाई असताना या खोल्यांवर लोकांच्या उड्या पडाव्यात असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात वरळीच्या पुष्कळशा खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. भाडे कामगाराच्या ऐपतीला जड, वरळी गिरण्यांच्या मानाने आडबाजूला, बाजार दूर आणि जाण्यायेण्याची सोय तुटपुंजी. घर बांधणाऱ्याने घराचाच विचार केला. तेथून कामावर जायचे कसे आणि कितीला, हे विचारावयाचे राहून गेले. विलायतेच्या पार्लमेंटने १८८३ सालीच कायदा करून रेल्वे कंपन्यांवर मजुरांसाठी स्वस्त गाड्या सोडण्याचे बंधन घातले होते. दूर राहणाऱ्या कामगाराचे गाडीभाडे हा घरांच्याच प्रश्नाचा भाग आहे, हे तिकडच्या सरकारला कळले होते. इकडच्या सरकारला ते कळले नाही, किंवा कळून वळले नाही.

दरम्यान यंत्रे सुधारत होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास विजेची पहिली आगगाडी गेली, १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. यांतील बस आरंभी बऱ्या स्थितीतल्या लोकांचे वाहन समजली जाई. गरिबाची ती ट्राम. विजेच्या गाड्यांनी मात्र कारकून, शिक्षक, टपालखात्यातला माणूस यांना दादर, पार्ले, बोरिवलीपर्यंत राहावयास जाण्याचे बळ दिले. मध्यमवर्गाची उपनगरे ही या गाडीची आणि रेल्वेच्या मासिक पासाची लेकरे आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

१९४७ साली दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ट्राम, बस आणि वीजपुरवठा ७ ऑगस्ट रोजी महापालिकेच्या ताब्यात आला. आणि त्याच वर्षी झालेल्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली गेली. दोन्हींचा हेतू लोकहिताचा होता. पण परिणाम पाहा. ज्याच्याकडे गिरगावात जुनी खोली होती तो कायमचा निश्चिंत झाला. जो नंतर आला, त्याला पागडी देण्याचे बळ नसेल तर शहरात ठाव उरला नाही. तो अंधेरीला गेला, मग बोरिवलीला, मग डोंबिवलीला आणि वसई-विरारला. बृहन्मुंबईच्या सीमा १९५० आणि १९५७ साली उत्तरेकडे सरकल्या, माणसे तर त्याही पलीकडे गेली. १९३० साली सुरू झालेल्या दख्खनच्या राणीने पुण्यात घर आणि मुंबईत नोकरी असाही संसार शक्य केला. घरभाड्याची बचत अशा रीतीने गाडीच्या खात्यात चढली.

गाडीभाड्याच्या प्रश्नावर लोक किती हळवे असतात याचा धडा कलकत्त्याने दिला होता. १९५३ च्या जुलैमध्ये तेथील ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे फक्त एका पैशाने वाढविले आणि सारे शहर पेटून उठले. अखेर ती वाढ सोडून द्यावी लागली. एका पैशासाठी एवढा दंगा कशाला, असे तेव्हाही पुष्कळांनी विचारले. पैसा एक होता हे खरे, पण तो रोज दोनदा, वर्षभर, प्रत्येक कमावत्या माणसाला द्यावयाचा होता आणि न देण्याचा मार्ग कोणापाशीही नव्हता. ज्या खर्चातून सुटका नसते तो लहान असला तरी माणसाला डाचतो.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. गिरण्या थांबल्या त्या त्यानंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणीसंप हा या इतिहासातला मोठा सांधा आहे. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आणि दुकानांचे महाल उभे राहिले आणि जेथे माणूस चालत कामाला जाई त्या परळमध्ये माणसे आगगाडीने कामाला येऊ लागली. फलाट आणि जिने मात्र गिरणीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसात, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे मेली. ज्या मातीत कामगार भोंगा ऐकून पायी पाच मिनिटांत गिरणीत पोचत असे, तेथेच कचेरीला निघालेली ही माणसे पुलावर गुदमरली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीच्या दारात लटकणारे प्रवासी वळणावर खाली पडले, त्यांतील काहींचा अंत झाला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या लोहमार्गांवर प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. रूळ ओलांडताना गेलेली त्यांत पुष्कळ असतात आणि गाडीतून पडलेलीही असतात. घरभाडे, गाडीभाडे आणि त्याशिवाय जिवाची जोखीम, असा हा हिशेब आहे. वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. गाडीत बसून भाजी निवडणारी बाई पाहून आपण कौतुक करतो. तिच्या दिवसातले तीन तास कोणी घेतले, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी चालविणाऱ्याचा खर्च खोटा नाही. बेस्टच्या बसचा तोटा वर्षानुवर्षे विजेच्या विक्रीतील शिलकीतून भरून निघे, म्हणजे दिवा लावणारा बसमध्ये बसणाऱ्याचे भाडे थोडे थोडे भरत असे. ही सोय आटली तशी ओढाताण वाढली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले, तेव्हा प्रवासी परत आले, पण तूट गेली नाही. ९ मे २०२५ पासून तेच पाचाचे दहा झाले. योगायोग असा की पहिली ट्राम निघाली तीही ९ मेच होती. रेल्वेनेही २०१४ च्या जूनमध्ये मासिक पासाचा दर सुमारे पंधरा एकेरी प्रवासांऐवजी तीस प्रवासांच्या हिशेबाने घेण्याचे ठरविले होते. मुंबईत एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. भाडे वाढविले तर गरीब भरडतो, न वाढविले तर गाडी मोडकळीस येते. गाडीचा हिशेब एकटा मांडला की तो सुटत नाही, असाच याचा अर्थ आहे.

तो सुटावयाचा असेल तर दोन्ही भाडी एकत्र मांडावी लागतील. रेल्वे किंवा बस एखाद्या जागी पोचली की तेथील जमिनीचे मोल चढते. हे चढलेले मोल जमीनमालकाच्या आणि बांधणाऱ्याच्या पदरात पडते आणि गाडीची तूट मात्र प्रवाशाकडून किंवा करदात्याकडून वसूल होते. जमिनीच्या या वाढाव्यातून गाडीचा खर्च निघाला पाहिजे, हे साध्या न्यायाला धरून आहे. ज्या वरळीच्या खोल्या एके काळी दूर म्हणून रिकाम्या राहिल्या, त्याच चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी रहिवाशांना मिळाल्या. आपली जागा सोडून दूर जाण्यास ते तयार नव्हते. त्यांना हटवादी म्हणण्याआधी शंभर वर्षांच्या अनुभवाने त्यांना काय शिकविले ते लक्षात घ्यावे. दूरचे स्वस्त घर स्वस्त नसते.

श्रोतेहो, इतिहासाकडून तयार उत्तरे मिळत नाहीत, पण कोणता प्रश्न विचारावयाचा हे तो सांगतो. यापुढे सरकार, महापालिका किंवा एखादी संस्था लोकांसाठी घरे बांधील तेव्हा घराची किंमत ज्या कागदावर लिहिली जाईल, त्याच कागदावर खाली दोन ओळी आणखी लिहावयास लावा: येथून कामावर जाण्यास महिना किती रुपये पडतील, आणि दिवसाचे किती तास जातील. या दोन ओळी कोऱ्या असतील तोपर्यंत ते घर पुरे बांधून झाले असे समजू नका.