प्रस्तावना : डिझायनरचे बिल आणि प्राप्तिकर

खरीप तोंडावर आला की जालन्यातल्या डिझायनरला मान वर करायला फुरसत नसते. बियाणे कंपन्यांची पाकिटे, माहितीपत्रके, कृषी सेवा केंद्रांचे फ्लेक्स. कपाशीचे बोंड अजून पांढरे करा, वाणाचे नाव लांबून दिसू द्या, लॉट नंबरची जागा कोरी ठेवा, असे निरोप रात्री उशिरापर्यंत येत राहतात. पैसे मात्र हंगाम सरल्यावर. कराचा अभ्यास कायद्याच्या पुस्तकाआधी या बिलापासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

समजा बिल ६०,००० रुपयांचे आहे. कंपनीच्या हिशेबनिसाने ते व्यावसायिक शुल्क मानले, तर १० टक्के टीडीएस कापून हातात ५४,००० येतात. ठेका मानला, तर कापले जातात फक्त ६००. काम तेच, माणूस तोच!

अंदाजित उत्पन्नाच्या योजनेतही हीच गाठ आहे. आर्किटेक्ट, इंटिरिअर डेकोरेटर, चित्रपटाचा कला दिग्दर्शक, एवढेच काय वेशभूषाकारसुद्धा व्यावसायिकांच्या यादीत आहेत. त्यांनी जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न दाखवायचे. ग्राफिक डिझायनरचे नाव या यादीत नाही. म्हणून अनेक जण धंद्याचा नियम लावतात : बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८. खरी कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची असते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मग गृहकर्ज मागायला गेल्यावर तोच तुटपुंजा आकडा आडवा येतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही विभागणी राहिली.

व्यवसाय कर त्या मानाने सरळ, वर्षाला २,५०० रुपये. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी १९७५ साली तो आला. ज्यांच्या घरात खडी फोडल्याच्या आठवणी आहेत, त्या जालनेकरांना तो परका वाटू नये.

वाचकाला वाणिज्य शाखेची पदवी नको. बिलबुक, पासबुक आणि टीडीएसचा उतारा समोर असला म्हणजे झाले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर साधारणपणे कर लागत नाही, पण कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. इथल्या बहुतेकांचा खरा प्रश्न तो आहे, म्हणून परताव्याचे प्रकरण सर्वांत मोठे झाले. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेलेल्यांनी जीएसटीचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.