गर्दभाचा शाप आणि सामानगडच्या तोफा

नेसरीस येणारा इतिहासप्रेमी मनुष्य बहुधा प्रतापराव गुजरांच्या स्मारकापुढे नतमस्तक होऊन परततो. उमराणीस आदिलशाही सरदार बहलोलखानास सोडून दिल्याबद्दल शिवछत्रपतींनी लिहिलेले कठोर शब्द सरनौबत प्रतापरावांच्या जिव्हारी लागले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी ते अवघ्या सहा स्वारांनिशी गनिमावर तुटून पडले. जिवंत राजाच्या शब्दात शिक्षेचे एवढे सामर्थ्य होते. परंतु राजा निवर्तल्यावर त्याची आज्ञा कोणी पाळावी? कोल्हापूरच्या शिलाहारांचे भाऊबंद जे उत्तर कोकणचे शिलाहार, त्यांनी याचे उत्तर दगडावर कोरून ठेवले आहे.

या दानशापाच्या दगडास गधेगाळ म्हणतात. गधेगाळीच्या शिरोभागी चंद्रसूर्य असतात, कारण दान आचंद्रार्क चालावयाचे. मध्ये दानलेख, आणि तळाशी, ते दान मोडील त्याच्या मातेवर आरूढ झालेला गर्दभ. परळ येथे सापडलेल्या, इ. स. ११८७ च्या अपरादित्याच्या लेखात मुख्य मजकूर संस्कृत असून शाप मात्र मराठीत आहे. दानाचा तपशील विद्वानांस कळला तरी पुरे, धाक सर्वांस कळावयास हवा, आणि ज्यास अक्षरओळखच नाही त्याच्यासाठी चित्र होतेच. अपराध पुत्राचा आणि विटंबना मातेची, हा त्या न्यायातला हीनपणा झाकण्याचे कारण नाही. तथापि हा धाक रयतेइतकाच, किंबहुना अधिक, पुढे येणाऱ्या राजांस आणि अंमलदारांस घातलेला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या ओबडधोबड शिल्पात दात्याच्या सत्तेपेक्षा तिची मर्यादाच ठळकपणे दिसू लागते: वारसावर फौज धाडता येत नाही, म्हणून गर्दभ उभा केला.

पुढे इनामपत्रांतून हिंदूस गाईची व मुसलमानास डुकराची शपथ घालण्याचा प्रघात पडला. रोख तोच.

परंतु हा धाक मानणाऱ्यांवरच चाले. १८४४ साली करवीरचा, म्हणजे कोल्हापूरचा, कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या तंत्राने चालू असता, गडांचे वंशपरंपरागत रक्षक जे गडकरी, त्यांच्या पिढीजाद जमिनी मामलेदारांच्या हाती देण्याचा हुकूम सुटला, तेव्हा नेसरीच्याच गडहिंग्लज तालुक्यातील सामानगडावर गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. नव्या सरकारास ना शपथेचे भय होते, ना शापाचे. त्याने तोफा आणल्या आणि गड घेतला.

आपल्या शिवारात असा गधेगाळीचा दगड आढळल्यास त्यास अशुभ समजून फोडू नये वा पुरू नये, आणि शेंदूरही फासू नये. कोणी जाणता येऊन वाचीपर्यंत तो आहे तेथेच राहू द्यावा.