‘डिझेल अँड डस्ट’ला प्रचारकी म्हणणाऱ्यांना

राजकीय गाणं प्रसंगापुरतं असतं, प्रसंग सरला की त्याचं नुसतं पत्रक उरतं, असं चांगले कानसेनही बोलतात. ‘मिडनाइट ऑइल’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या १९८७ च्या ‘डिझेल अँड डस्ट’ या अल्बमवर हाच शिक्का बसतो. वर एक पुरवणी आरोप असतोच: गायक पीटर गॅरेट पुढे पर्यावरणमंत्री झाला आणि २००९ मध्ये त्यानेच फोर माइलच्या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. हा आरोप गॅरेटच्या चरित्रात जरूर मांडावा. १९८७ च्या ध्वनिमुद्रणात त्याने एक सूरही इकडचा तिकडे होत नाही.

मुख्य आक्षेपाकडे वळू. प्रचाराचा सारा भर मोघम बोलण्यावर असतो. उलट या बँडची मंडळी १९८६ मध्ये पापुन्याच्या ‘वारुंपी बँड’सोबत मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमधून गात हिंडली, आणि ‘बेड्स आर बर्निंग’ या गाण्यात तिथलंच सगळं आलं: किंटोर आणि युएंडुमू ही नावं, ४५ अंशांचं ऊन, भंगारात गेलेल्या होल्डन गाड्या. किंटोर हे नाव सहज पडलेलं नाही. वाळवंटातून उठवून पापुन्यात आणून बसवलेले पिंटुपी लोक १९८१ च्या सुमारास तिथेच आपल्या भूमीत परतू लागले होते.

आणि गाणारा कोण? तो उद्धारकर्ता नाही, भाडं थकवलेलं कूळ आहे. आपल्यासारख्याच गोऱ्या कुळांना तो हिशेब चुकता करायला सांगतो. ही नुसती उपमाही नव्हे. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या अनांगू आदिवासींना परत केला तो राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा सरकारकडे देण्याच्या अटीवर. मालकाचं नाव बदललं, वहिवाट तीच राहिली.

याच अल्बममधलं ‘द डेड हार्ट’ मात्र मला खटकतं. तिथे आदिवासींचं मनोगत गोऱ्या गळ्यातून येतं. उलुरूच्या हस्तांतरणावरच्या चित्रपटासाठी ते लिहून मागितलं होतं, हे खरं. पण वारुंपी बँडने १९८३ मध्येच लुरिचा या आदिवासी भाषेत रॉक गाऊन दाखवलं होतं, म्हणजे उसन्या आवाजाची गरज नव्हती. हा दोष परकायाप्रवेशाचा आहे. तो राजकारणाच्या खात्यावर कशाला मांडायचा?

भक्तांचंही एक पटत नाही. या गाण्यांनी कायदा बदलला म्हणे! मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य करणारा १९९२ चा माबो निकाल एडी माबो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षं कोर्टात झगडून मिळवला. निकाल लागण्याआधीच माबो वारला होता. ते श्रेय बँडला देणं म्हणजे आणखी एक अतिक्रमण.

राहिला प्रसंग सरल्याचा मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं: राज्यघटनेत आदिवासींना मान्यता देऊन संसदेपुढे त्यांचं म्हणणं मांडणारी समिती असावी का? सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं.