कॅमेरा कोणता घ्यावा? : सावेदादांपासून आपल्या पोरांपर्यंत

आमच्या मंडळातल्या पोरांनी यंदा दहा मिनिटांचा लघुपट करायचे मनावर घेतले आहे. जांबोटीच्या जुन्या घरांतल्या ज्या गोष्टी आता सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या तोंडीच उरल्या आहेत, त्या चित्रित करायच्या. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो कॅमेऱ्यावरून. कुणी म्हणे भाड्याने मोठा आणू, कुणी म्हणे मोबाईल पुरे. आम्ही सरकारी खात्यात अंदाजपत्रके करण्यात उमर घालवलेली माणसे. आम्हाला आधी पूर्वीच्यांनी काय केले ते पाहावेसे वाटले.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि त्यांना या विद्येचा नाद लागला. त्यांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी मात्र परत विलायतेलाच पाठवावी लागली. म्हणजे कॅमेरा हाती आला, तरी पुढचे काम हाती नव्हते.

दादासाहेब फाळक्यांनी तेच हेरले. विमा गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सोबत फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि छापायचे यंत्रही आणले. कच्ची फिल्म तेव्हा भोके न पाडता येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. भांडवलदाराला पटवायला दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म फिरवून रोप वाढताना दाखवले. आपल्याकडच्या कमी खर्चाच्या लघुपटाचा हा वडीलच म्हणायचा! नट नाही, सेट नाही, आणि काम फत्ते.

आमच्या मते सगळ्यांत जवळची गोष्ट मात्र कोल्हापूरची. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मिस्त्री घराण्यातले. पडदे रंगवणारे म्हणून पुढे पेंटर याच नावाने ओळखले गेले. विलायती कॅमेऱ्याची किंमत आवाक्याबाहेर. मग जुन्या यंत्राची रचना समजून घेऊन आपणच कॅमेरा बनवायचा, असा त्यांचा हट्ट. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना घेऊन काम तडीस नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. निपाणीहून कोल्हापूरला जाताना लागणारे कागल ज्यांच्या नावात आहे, त्या बाईंचे हे उपकार आपल्या भागात फार कुणाला ठाऊक नाहीत. त्या घरगुती कॅमेऱ्यावर निघालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला.

आता जरा हिशोब. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण तेवढ्याच चौकटी फिरवत, म्हणजे एक फूट गेला की एक सेकंद गेला. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी आल्या. दहा मिनिटांना ९०० फूट लागू लागले. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर फिल्म काढली. तिच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणून तीच दहा मिनिटे ३६० फुटांत बसतात. पुढे हौशी माणसे आणि माहितीपटवाले तिच्याकडे वळले ते यामुळेच. शिवाय एका शॉटचे पाच टेक घेतले की हे सगळे पाचपट होते.

मोबाईलवर फूट मोजावे लागत नाहीत. अमेरिकेत २०१५ चा ‘टँजरिन’ हा चित्रपट आयफोनवर काढून गाजला, तेव्हा पोरांचे म्हणणे अगदीच पोरकट नाही. फक्त आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर पन्नासावा हिस्सा ठेवला, तर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपत नाही. चित्राआधी आवाजावर खर्च करावा, हे आमचे ठाम मत. आजीबाईंचा चेहरा थोडा धूसर चालेल, पण त्यांनी काय सांगितले ते ऐकू आले नाही तर उरले काय? कॉलरला लावायचा एक बरा माईक घ्यावा.

आता टिकण्याचे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा होता. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज आहेत. सावेदादांची कुस्ती नाही, ‘सैरंध्री’ही नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ मध्ये. तोवर बरेच गेले होते. आपल्या जांबोटीचा पाऊस तर सगळ्यांना माहीत आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग लेन्सची आणि लग्नाच्या जुन्या कॅसेटींची काय कथा!

तेव्हा बैठकीत ठरले ते असे: चित्रण मोबाईलवर, माईक विकत, दिवे मांडववाल्याकडून. उरलेल्या पैशांतून दोन हार्ड डिस्क. एक मंडळाच्या कपाटात, दमट हवा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या सभासदाकडे. दर गणपतीला दोन्ही लावून पाहायच्या आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायच्या. चित्रीकरण दसऱ्यानंतर, पाऊस उघडला की. ज्यांच्या घरी सांगणारी माणसे आहेत, त्यांनी त्याआधी मंडळाकडे नाव द्यावे.